वशिल्याचा पाट

नोकरी लागली की आपल्याकडं पहिला प्रश्न पगाराचा नसतो. ‘कुणाकडून लागली?’ हा असतो. बारामतीच्या स्टँडवर विचारा, इंदापूरच्या बाजारात विचारा. लागली म्हंजे कुणीतरी लावली, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आणि आपलं पोरगं लागलं की लगेच, ‘सवलतीतनं लागलं असंल.’ म्हंजे त्यांची ती ओळख आणि आपला हक्क तेवढा भीक! म्हणून मित्रांनो, या ओळखीचाच इतिहास एकदा उकलून बघू.

आपला मुलूख मूळचा दुष्काळी. 1876-77 च्या दुष्काळानंतर सरकारनं नीरेचा डावा कालवा काढला आणि पुढच्या दशकात पाणी पुरंदर, बारामती, इंदापूरच्या रानात खेळू लागलं. पाण्यामागं ऊस आला. ऊस जाणणारे सासवडचे माळी कालव्याकाठी आले, खंडानं जमिनी धरल्या. एकानं दुसऱ्याला आणलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. 1932 साली त्यांनी नीरेपलीकडं, माळशिरस तालुक्यात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. याला मी नावं ठेवत नाही. कष्टाची माणसं होती. पण सोयऱ्यानं सोयऱ्याला हात दिला तर काय उभं राहतं, ते यातनं दिसतं.

त्याच दशकात इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी कारखाना आणि शेती उभारली. त्याचं वालचंदनगर झालं. स्वातंत्र्यानंतर सहकार आला. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे कारखाने उभे राहिले. आता सहकाराचं गणित बघा. कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायचं तर ऊस पाह्यजे. उसाला पाणी पाह्यजे, पाण्याला जमीन पाह्यजे. सभासद मत देतो, मतावर संचालक होतो. मग कुठल्याही संस्थेत भरती निघाली की संचालकाच्या ओसरीवर कोण बसणार? ज्याचं मत आहे तो. बेकायदा काही नाही त्यात. कालव्याचं पाणी ज्याच्या रानात गेलं त्याच्याच घरात वशिल्याचा पाट गेला, एवढंच.

मग आपली ओळख नव्हती का? होती की! गावात महाराइतकं सगळ्यांना ओळखणारं होतं कोण? शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष. सारा तालुक्याला पोचवायचा तर संगं महार. सरकारी माणूस आला की घोड्यापुढं पळणारा महार. मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात परगावी जाणारा महार. अख्खा गाव त्याच्या पायाखालचा. पण ही ओळख वतनाच्या दाव्याला बांधलेली. येसकर म्हणून हाळी मारणाऱ्याला त्याच्या नावाची गरज नव्हती. इतकी ओळख असून तिचा भाव काय, तर शिळी भाकर आणि हाडोळ्याचा तुकडा. म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं. वतनं कायद्यानं मोडायला मात्र 1958 साल उजाडलं.

आपला खरा पाट एकच होता, पलटण. शिपाई रजेवर यायचा आणि जाताना भाऊबंदातली दोन पोरं संगं घेऊन जायचा. त्यातनं पगार आला, पेन्शन आली, अक्षर आलं. 1890 च्या दशकात इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चं खूळ काढलं आणि महारांची भरती बंद केली. एका हुकुमात पाट तुटला. मग आपल्या शेजारच्या सासवडला 51 गावांचे महार जमले. जमवणारे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. याच कांबळ्यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. मागितलं काय? सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा, पोलिसात शिपाईगिरी, पलटणीत भरती. काही जण आज म्हणतात, किती लाचार अर्ज! मी म्हणतो, नीट वाचा. ज्याला शिफारस करणारा कुणी नाही, तो सगळ्या जमातीची शिफारस स्वतः करतोय. 1917 साली महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली. गरज संपली, 1921 साली मोडली. महार रेजिमेंट व्हायला 1941 साल आणि दुसरं महायुद्ध लागलं.

मुंबईच्या गिरणीतही तेच. भरती जॉबरच्या हातात. जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्याची माणसं घेणार. अस्पृश्याला सूतखात्यात घेत, कापडखात्यात नाही. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळ! आणि पगार जास्ती तो कापडखात्यातच. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला.

बाबासाहेबांनाही एक ओळख कामाला आली. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी. ना नात्याचे, ना जातीचे. त्यांनी हुशार पोरगा हेरला आणि सयाजीराव गायकवाडांपर्यंत पोचवला. पुढं 1913 साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव अमेरिकेला गेले. पण 1917 साली त्याच बडोद्यात नोकरीवर हजर झाले तर राहायला खोली मिळेना. पारशाच्या धर्मशाळेतनं काठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. महाराजाची ओळख नोकरीपर्यंत पुरली. उंबऱ्यापर्यंत पुरली नाही.

हा अनुभव घेतलेला माणूस 1942 ते 46 व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होता. 1943 साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना 8.33 टक्के जागा राखल्या गेल्या. 1945 साली त्यांच्याच खात्याखाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची यंत्रणा सुरू झाली. सैन्यातनं सुटलेल्यांसाठी सुरू झाली, पुढं सगळ्यांना खुली झाली. जागा निघाली की कळवा, नाव नोंदलेल्याला बोलवा. वशिला नसलेल्याचा हा सरकारी वशिलाच होता! 1959 च्या कायद्यानं 25 किंवा जास्त कामगार असलेल्या खाजगी मालकालाही रिकाम्या जागा कळवणं भाग पडलं. पण एक्स्चेंजमधलाच माणूस घ्या, अशी सक्ती कायद्यात नव्हती. गोम तिथं होती.

ती गोम मी भोगली. कारखान्याचं नाव घेत नाही. साहेबानं सर्टिफिकेट उघडलंच नाही. ‘पत्र कुणाचं आणलंय?’ म्हणाला. मी म्हटलं, एम्प्लॉयमेंटचं कार्ड आणलंय. साहेब हसला. साहेब हसला म्हणून कारकूनपण हसला.

आता जमाना बदलला म्हणतात. एमआयडीसी आली, कंपन्या आल्या, ठेकेदार आले. जात कोण विचारतं? 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास आला. खाजगी कंपन्यांना सारख्या शिक्षणाचे अर्ज धाडले, आडनावं तेवढी बदलली. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली. त्याच साली जोधका आणि न्यूमन यांनी दिल्लीकडच्या भरती अधिकाऱ्यांना गाठलं. बहुतेक सगळे म्हणाले, आम्ही जात बघत नाही, घरची पार्श्वभूमी बघतो. येसकराच्या नातवाची पार्श्वभूमी काय असणार?

अमेरिकेत तरी वेगळं आहे असं समजू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अभ्यासकानं बोस्टनजवळ नोकरी बदललेल्यांना विचारलं. निम्म्याहून जास्त लोकांना ती ओळखीतनंच कळलेली. पण ओळख कुणाची? रोजच्या जिगरी दोस्ताची नाही. 100 तल्या 83 जणांना कधीमधी, नाहीतर क्वचित भेटणाऱ्या माणसानं सांगितलेलं. कारण रोजच्या दोस्ताला तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक. आता आपली वस्ती आठवा. सगळे एकमेकांचे, सगळे एकाच कट्ट्यावर, सगळ्यांकडं तीच शिळी बातमी. गावानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं, म्हंजे बातमीच्याही बाहेर ठेवलं.

म्हणून ‘वशिलेबाजी मुर्दाबाद’ म्हणून भागणार नाही. आरक्षणाची लढाई, खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची लढाई चालूच राह्यली पाह्यजे. पण त्याबरोबर बातमी उघडी करा. आपल्यातलं कोण कुठल्या कंपनीत, कुठल्या खात्यात, कुठल्या दवाखान्यात कामाला आहे त्याची गाववार यादी करा. पुण्याला, मुंबईला गेलेले आणि वर्षातनं एकदा जयंतीला येणारे, त्यांना आधी धरा. जागा कधी निघते, ठेकेदार कोण, कागद कुठले लागतात, हे त्यांच्याकडनं काढून घ्या आणि विहाराच्या भिंतीला फळा करून त्यावर लिहा. कानात सांगितली तर आपलीही भावकीच होईल. फळा बाहेरच्या भिंतीला करा. मातंग वस्तीतल्या पोरीला, रामोश्याच्या पोरालाही जाता-येता वाचता आला पाह्यजे.