सबनेट मास्कची कुळकथा

दोन कॉम्प्युटर एकाच स्विचला जोडले की ते एकमेकांशी बोलणारच, असं आपण धरून चालतो. इंटरनेटच्या रचनेत मात्र केबल जोडलेली असणं पुरत नाही. समोरचा पत्ता जवळचा की लांबचा, हे पाठवणारं यंत्र स्वतःपुरतं ठरवतं आणि त्यासाठी त्याच्या हाती सबनेट मास्क असतो. हा मास्क पत्ते वाचवण्यासाठी निघाला असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्याचा जन्म पोहोच ठरवण्याच्या गरजेतून झाला आणि त्याची कुळकथा हेच सांगते.

सप्टेंबर १९८१च्या आरएफसी ७९१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आयपी पत्त्यांचे ए, बी आणि सी असे वर्ग ठरले. पत्त्याचे पहिले एक ते तीन बिट पाहिले की नेटवर्कचा भाग कुठे संपतो ते कळायचं, त्यामुळे मास्कची गरजच नव्हती. ए वर्गाच्या एका नेटवर्कात १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते, सी वर्गात वापरण्याजोगे २५४. पण त्याच काळात विद्यापीठांत इथरनेट पसरत होतं आणि एकाच आवारात अनेक स्वतंत्र केबल्स झाल्या होत्या. प्रत्येक केबलला वेगळा नेटवर्क क्रमांक दिला, तर त्या आवाराची अंतर्गत मांडणी बाहेरच्या सगळ्या राउटरांना लक्षात ठेवावी लागणार. सगळ्या केबल्स एकच असल्याचा देखावा केला, तर ‘हा पत्ता कुणाचा?’ ही एआरपीची हाक केबलोकेबली पोहोचवत बसावं लागणार. स्टॅनफर्डच्या जेफ्री मोगल यांनी ऑक्टोबर १९८४च्या आरएफसी ९१७मध्ये यातून मार्ग मांडला: बाहेरच्यांना एकच नेटवर्क दिसू द्यावं, आणि आतल्या यंत्रांना पत्त्यातले कोणते बिट आपल्या केबलचे आहेत ते मास्कने सांगावं. ऑगस्ट १९८५मध्ये मोगल आणि जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ९५०ने त्याला प्रमाणरूप दिलं. हे बिट सलगच असावेत असं बंधन त्यात नाही, फक्त शिफारस आहे. शिवाय नव्या यंत्राला नेटवर्कवर ‘इथला मास्क कोणता?’ असं विचारता यावं, म्हणून खास संदेशही ठरवला होता. मास्क चुकला तर सगळंच चुकेल, याची जाण त्यांना होती.

कसं चुकतं ते पाहा. एका यंत्राचा पत्ता १९२.१६८.१.१०, मास्क २५५.२५५.२५५.०. त्याच स्विचवर दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.१.१३०, मास्क २५५.२५५.२५५.१२८. पहिलं यंत्र पहिले तीन आकडे जुळवतं, दुसऱ्याला शेजारी मानतं आणि पॅकेट थेट पाठवतं. ते पोहोचतंही. दुसऱ्याचा मास्क आणखी एक बिट तपासतो. १३०मध्ये तो बिट १ आहे, १०मध्ये ०. म्हणजे त्याच्या लेखी पहिलं यंत्र परक्या नेटवर्कातलं. उत्तर गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे जातं. गेटवे दिलेला नसेल किंवा त्याला परतीची वाट ठाऊक नसेल, तर उत्तर तिथेच संपतं. पोहोच दोन्ही बाजूंनी सारखी असतेच असं नाही, ती अशी.

पत्त्यांच्या बचतीचा मुद्दा खोटा नाही, पण तो मागाहून जोडला गेला. बी वर्गाचे क्रमांक भराभर संपू लागले, तेव्हा १९९३मध्ये सीआयडीआर या वर्गविरहित पद्धतीने वर्ग मोडीत काढले आणि नेटवर्कची हद्द पत्त्यासोबत लिहायची पद्धत बाहेरच्या राउटरांपर्यंत नेली. आज खरा निर्णय फायरवॉल घेते, असाही आक्षेप येतो. फायरवॉल आलेलं पॅकेट अडवते हे खरं, पण ते कुठल्या वाटेने निघेल हे त्याआधीच ठरलेलं असतं. म्हणूनच पिंगला उत्तर आलं नाही एवढ्यावरून फायरवॉलला दोष देणं घाईचं ठरतं. आधी दोन्हीकडचे मास्क पाहायला हवेत.

आयपीव्ही६ने तर समोरचा जवळचा की लांबचा हा निर्णय पत्त्यापासूनच वेगळा केला. तिथे राउटर आपल्या जाहिरातीत नेटवर्कचा उपसर्ग कळवतो आणि त्या उपसर्गाचे पत्ते थेट गाठता येतात की नाही, हे सांगायला स्वतंत्र बिट ठेवतो. तो बिट लावलेला नसेल, तर तोच उपसर्ग असलेल्या शेजाऱ्यालाही पॅकेट राउटरमार्फतच पाठवायचं.