लोकनकाशालेखन, मराठवाड्यातील

लोकनकाशालेखन, मराठवाड्यातील : एखाद्या प्रदेशातील रहिवासी, अभ्यासक व तंत्रज्ञ यांनी परस्परसहकार्याने माहिती गोळा करून तयार केलेला आणि सर्वांना वापरण्यास व दुरुस्त करण्यास मोकळा असलेला नकाशा, तसेच तो तयार करण्याची पद्धती, यांस लोकनकाशालेखन म्हणता येईल. मराठवाड्यात या पद्धतीचा विकास प्रामुख्याने पाण्याच्या प्रश्नातून झाला. पाणी कोठून येते व कोठे मुरते हे कोणास ठाऊक असावे, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे शहर मलिक अंबर याने सु. १६१० मध्ये खाम नदीकाठी खडकी या नावाने वसविले. सु. १६१७ मध्ये त्याने बांधलेली नहर-ए-अंबरी ही येथील जलव्यवस्थेचा पाया ठरली. शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी भूजल विहिरींतून एकत्र करून ते जमिनीखालील बांधीव नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले जाई. ठराविक अंतरावर तपासणी व सफाईसाठी उभ्या विहिरी असत. शहरात मातीच्या खापरी नळांतून पाणी हौदांपर्यंत पोहोचे. उंच बंब्यांमुळे पाण्याचा दाब राखणे व नळांत कोंडलेली हवा बाहेर सोडणे शक्य होई. पुढील दीड शतकात अशा अनेक नहरी झाल्या. हर्सूल परिसरातून येणाऱ्या एका नहरीच्या पाण्यावर अठराव्या शतकात पाणचक्की चालविण्यात आली. बऱ्हाणपूर व बीदर येथेही अशाच भूमिगत व्यवस्था होत्या.

या नहरींचा मार्ग जमिनीवरून दिसत नसे. तो राखण करणाऱ्या लोकांच्या स्मरणात आणि पिढीजात अनुभवात होता. देखभालीची परंपरा क्षीण झाल्यावर हे ज्ञानही विरळ झाले. पाया खणताना किंवा रस्ता करताना नळ फुटणे, तपासणीच्या विहिरी बुजणे असे प्रकार घडू लागले. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी प्रकल्पाच्या जलाशयातून शहरास पाणी मिळू लागल्यानंतर नहरींकडील लक्ष आणखी कमी झाले. जी वस्तू कोणाच्याही नकाशावर नाही, तिचे रक्षण करण्याचे दायित्वही कोणाकडे नसते, हे येथे स्पष्ट दिसते.

शासकीय नकाशांची परंपरा मात्र जुनी व भक्कम आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. दक्षिणोत्तर महाकमानीच्या मोजणीचा प्रवर्तक विल्यम लॅम्टन हा १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे काम चालू असतानाच मरण पावला. परंतु हे नकाशे सैन्य, महसूल व प्रशासन यांच्या गरजांतून घडले. एक सेंमी.ला अर्धा किमी. या प्रमाणावरील पत्रकात गल्लीखालील नळास स्थान मिळणे शक्य नव्हते. महसुली गाव नकाशात गटांच्या हद्दी अचूक असत; पण पावसाचे पाणी गटाची वा गावाची हद्द पाळत नाही. शिवाय तपशीलवार नकाशे सुरक्षेच्या कारणास्तव दीर्घकाळ निर्बंधित होते.

१९७२ च्या दुष्काळाने दृष्टी पालटली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची विभागणी सु. दीड हजार पाणलोट क्षेत्रांत केली. १९८० मध्ये औरंगाबाद येथे जल व भूमी व्यवस्थापन संस्था सुरू झाली. त्याच दशकात औरंगाबादजवळील आडगाव येथे विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने पाणलोट विकासाचे काम उभे राहिले. पुढे जालना तालुक्यातील कडवंची हे गावही अशा कामासाठी प्रसिद्धीस आले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने उपचार करावयाचे, तर कोणत्या शेतातून ओघळ जातो आणि कोठे मुरूम लागतो हे आधी ठरवावे लागते. ही माहिती शेतकऱ्यांजवळच असते. १९९० च्या सुमारास सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाची पद्धती भारतात रूढ झाली व गावकऱ्यांनी रांगोळी, खडे, बिया यांच्या साहाय्याने जमिनीवर गावाचा नकाशा रेखाटण्याचा प्रघात पडला. असा नकाशा मोजमापात सदोष असला, तरी तो सर्वांदेखत काढला जात असल्याने चूक तेथल्या तेथे दाखविता येई. लोकनकाशालेखनाचे बीज यातच आहे.

संगणकामुळे या पद्धतीस व्याप्ती आली. ग्रास या मुक्त भौगोलिक माहिती प्रणालीचे काम १९८२ मध्ये, तर क्यूजीआयएसचे २००२ मध्ये सुरू झाले. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट याने ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा मुक्त नकाशा आरंभिला; त्यात कोणीही भर घालू शकतो व दुसऱ्याने केलेली नोंद दुरुस्त करू शकतो. भारतात २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे नकाशे वेगळे केले आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशालेखनासाठी पूर्वपरवानगी घेण्याच्या बंधनातून बहुतांशी मुक्त केले. नहरीच्या तपासणी-विहिरींची स्थाने भ्रमणध्वनीवरून नोंदविणे, खाम नदीच्या पात्रात सांडपाणी मिसळण्याच्या जागा दाखविणे, विहिरींची पाणीपातळी ऋतुमानानुसार टिपणे ही कामे त्यामुळे सामान्य नागरिकांच्या आवाक्यात आली.

तथापि साधने विनामूल्य असली, तरी त्यांमागील संघटन आपोआप होत नाही. इतिहासाच्या अभ्यासकास नहरीचा काळ ठाऊक असतो, अभियंत्यास उतार मोजता येतो, जुन्या वस्तीतील रहिवाशास अंगणातील बुजलेल्या विहिरीची जागा माहीत असते. या तिघांची गाठ पडल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही. तो एकदा पुरा होऊनही भागत नाही, कारण नोंदी अद्ययावत ठेवणारे हात सतत लागतात. नहरींच्या राखणदारांचे काम थांबताच नहरी बुजल्या, हा अनुभव नकाशासही लागू पडतो.

मोकळेपणास एक मर्यादाही आहे. भूजल कोठे आहे हे सर्वांना कळले, की सधन शेतकरी तेथे अधिक खोल कूपनलिका घेऊ शकतो आणि शेजारच्या उथळ विहिरी आटतात. म्हणून केवळ माहिती खुली करणे पुरेसे ठरत नाही. तिच्या वापराचे नियम गावाने एकत्र बसून ठरवावे लागतात. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आणि गावाचा जलअंदाज मांडण्यावर भर देणारी अटल भूजल योजना यांचा रोखही त्याच दिशेने आहे. खडकीच्या नहरी उतारावर चालत. लोकनकाशे मात्र परस्परविश्वासावर चालतात, व तो टिकविण्याचे कोणतेही यांत्रिक साधन अद्याप उपलब्ध नाही.