सनरूफची काच फुटली तर काय करावं? दुरुस्ती, विमा आणि गळतीची पूर्ण माहिती

सनरूफ आता फक्त महागड्या गाड्यांपुरतं राहिलेलं नाही. मध्यम किमतीच्या गाड्यांतही ते मिळू लागलं आहे आणि गाडी घेताना मुलांचा पहिला हट्ट त्याचाच असतो. पण ही काच फुटली तर काय करायचं, हे शोरूममध्ये सहसा कोणी सांगत नाही. मग ऐनवेळी घाई होते. कोणी फोटो न काढताच काच काढून टाकतो, तर कोणी मिळेल त्या गॅरेजमध्ये काच चिकटवून घेतो आणि पहिल्याच पावसात सीट भिजते.

म्हणून ही माहिती आम्ही एका जागी देत आहोत. मुख्य मुद्दा आधीच सांगतो. नवी काच बसवणं हे अर्धंच काम आहे. जुन्या काचेचे कण निघाले का, पाणी वाहून जायची वाट मोकळी आहे का आणि नव्या काचेची पकड पक्की आहे का, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

सनरूफमध्ये काय काय असतं?

साध्या सनरूफमध्ये एकच काच असते. ती मागून वर उचलली जाते किंवा मागे सरकते. पॅनोरामिक सनरूफमध्ये बहुतेक वेळा दोन काचा असतात. पुढची सरकते, मागची छताला कायमची चिकटवलेली असते. कुठली काच फुटली यावर काम आणि खर्च दोन्ही ठरतात, कारण सरकणारी काच स्क्रूंनी बसवलेली असते आणि मागची खास गोंदाने.

काचेखाली रूळ, केबल, मोटर आणि उन्हासाठीचा पडदा असतो. काचेच्या कडेला रबराची बीडिंग असते. अनेकांना वाटतं की ही बीडिंग पाणी पूर्ण अडवते. तसं नाही. थोडं पाणी आत येणारच, हे धरूनच सनरूफ बनवलेलं असतं. ते पाणी काचेखालच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून गाडीच्या खांबांच्या आतून खाली जमिनीवर पडतं. या नळ्या तुंबल्या, तर काच नवीकोरी असली तरी छत गळणार.

काच का फुटते?

पुढची मोठी काच कायद्यानेच लॅमिनेटेड असावी लागते. म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो. त्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. सनरूफची काच मात्र बऱ्याच गाड्यांमध्ये टेम्पर्ड असते. ती तापवून एकदम थंड केलेली असते, म्हणून साध्या काचेपेक्षा खूप मजबूत. पण तिच्या आत सतत ताण भरलेला असतो. एका जागी तो सुटला की सगळी काच क्षणात बारीक तुकड्यांत फुटते.

ट्रकच्या चाकातून उडालेला खडा, गारपीट, झाडावरून पडलेला नारळ किंवा फांदी ही नेहमीची कारणं. कोकणात गावी गेल्यावर सावली म्हणून गाडी माडाखाली लावली जाते, तिथे हा धोका कायम असतो. कधी कडेला लागलेली छोटी टवकी महिनोन्‌महिने तशीच राहते आणि कडक उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच फुटते. काच बनताना आत राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळेही टेम्पर्ड काच काहीही न लागता फुटू शकते. असं क्वचित होतं, पण होतं.

टेम्पर्ड काचेची दुरुस्ती होत नाही. पुढच्या काचेतला छोटा खड्डा राळ भरून बुजवता येतो, तसं इथे चालत नाही. "तडा भरून देतो" असं कोणी म्हणालं, तर आधी काच कुठल्या प्रकारची आहे ते कोपऱ्यातल्या खुणेवरून बघा.

फुटल्याबरोबर काय करावं?

- वेग हळूहळू कमी करून गाडी डावीकडे सुरक्षित जागी घ्या आणि चारी इंडिकेटर लावा. मागे मुलं असतील तर त्यांना आधी उतरवा आणि कपडे झटकायला सांगा.
- सनरूफचं बटण दाबू नका. काचेचे तुकडे रुळात अडकले तर केबल आणि मोटर जाते आणि काचेच्या खर्चात सगळ्या यंत्रणेचा खर्च मिसळतो.
- पडदा मोकळा असेल तर हाताने अलगद बंद करा. पडद्यावर तुकडे पडले असतील तर त्याला हात लावू नका.
- बाहेरून, आतून आणि नंबर प्लेट दिसेल असे फोटो काढा. आजूबाजूला दगड, फांदी, गारा असतील तर त्यांचेही काढा.
- काच तडकून जागेवरच असेल तर वरून रुंद पारदर्शक टेप लावा, पण दाब देऊ नका. भोक पडलं असेल तर छतावर जाड प्लास्टिक टाकून त्याच्या कडा दारांत दाबून घ्या. रंगावर थेट चिवट टेप लावू नका, आधी मास्किंग टेप लावा.
- तुकडे हाताने वेचू नका. ते लांब धारदार नसले तरी कापतात. हातमोजे घाला आणि व्हॅक्युम क्लीनर वापरा.

अशी झाकलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश नेता येते. हायवेवर ती पळवू नका. वेगात छतावर हवेची ओढ तयार होते, प्लास्टिक आणि सैल तुकडे दोन्ही उडतात आणि मागच्या गाडीवर जातात.

विमा: क्लेम करावा की खिशातून भरावं?

आधी पॉलिसी उघडून बघा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचं कव्हर लागतं, ज्याला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो. इथे एक मोठा गैरसमज आहे. सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो, पण त्याबरोबरचं स्वतःच्या नुकसानीचं कव्हर बहुतेक वेळा एकाच वर्षाचं असतं. "आपला विमा तीन वर्षांचा आहे" असं समजून दुसऱ्या वर्षी ते कव्हर चालू ठेवलंच नाही, अशी घरं कमी नाहीत.

कव्हर चालू असेल तर नियम साधे आहेत. काचेवर घसारा कापत नाहीत. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के कापतात. झिरो डेप घेतलं असेल तर तीही कपात वाचते. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे 1000 रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला 2000 रुपये आपल्यालाच भरावे लागतात. गोंद, स्क्रू अशा वस्तूंचे पैसे काही पॉलिसींत वेगळं कव्हर असेल तरच मिळतात.

समजा, 1200 सीसीच्या गाडीची काच 20,000 रुपये, बीडिंग 4,000 आणि मजुरी 3,000, म्हणजे एकूण बिल 27,000. झिरो डेप नाही. तर बीडिंगचे निम्मे 2,000 आणि ठरलेले 1,000 असे 3,000 आपण भरायचे आणि 24,000 कंपनीने.

पण क्लेम फुकट नसतो. नो क्लेम बोनस शून्यावर येतो. हा बोनस सलग वर्षांनुसार 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा वाढतो. समजा, पुढच्या नूतनीकरणाला 35 टक्के सूट मिळणार होती आणि स्वतःच्या नुकसानीचा हप्ता दर वर्षी 10,000 रुपये आहे. क्लेम केला तर पहिल्या वर्षी 3,500, पुढची दोन वर्षं 2,500 प्रत्येकी, मग 1,500 आणि शेवटी 500 रुपये जास्त जातील. पाच वर्षांत एकूण 10,500. म्हणजे 27,000 च्या बिलाला क्लेम करणं फायद्याचं, पण 10-12 हजारांच्या कामाला खिशातून भरलेलं बरं. बोनस वाचवणारं कव्हर घेतलं असेल तर हिशोब बदलतो, म्हणून एजंटला आधी तेच विचारा.

क्लेम करायचा ठरलं, तर कंपनीला कळवून सर्व्हे होईपर्यंत काच काढू देऊ नका. क्लेम विनाकारण अडवला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर. त्यानंतरही तोडगा नाही निघाला तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुणे इथे आहेत.

काच कुठली घ्यावी?

काच मागवताना फक्त मॉडेलचं नाव सांगू नका, आरसीवरचा चेसिस नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक काचेचा रंग आणि पकडीची जागा बदललेली असते. काच सुटी मिळते की पूर्ण चौकटीसकट घ्यावी लागते, हेही विचारा. काही वेळा सुटी काच मिळत असताना पूर्ण सेटचं एस्टिमेट हातात दिलं जातं.

बाहेरून घेतलेल्या काचेवर आयएसआय खूण पाहा. वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी भारतात आयएस 2553 (भाग 2) हे मानक आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारांतून जुनी काच घेणार असाल, तर कडेला टवकी आहे का, खालच्या पट्ट्या वाकल्या आहेत का आणि बीडिंग कडक झाली आहे का, हे उजेडात बघूनच पैसे द्या. बिलात काच, बीडिंग, मजुरी आणि जीएसटी वेगळे लिहून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे.

बसवण्याचं काम कसं होतं?

सरकणारी काच चार-सहा स्क्रूंवर असते. बऱ्याच गाड्यांत छताचं कापड न उतरवताही ती बदलता येते. खरं कौशल्य उंची जुळवण्यात आहे. काचेची पुढची कड छताच्या बरोबरीत किंवा किंचित खाली आणि मागची कड बरोबरीत किंवा किंचित वर हवी. हे चुकलं की वेगात शिट्टीसारखा आवाज येतो आणि पाणी शिरतं. शेवटी मोटरला नवी जागा शिकवावी लागते. त्याची पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते.

चिकटवलेल्या काचेचं काम जास्त जोखमीचं. जुना गोंद कापून, खरचटलेल्या पत्र्याला प्रायमर लावून, मग युरेथेनचा नवा थर दिला जातो. साधं सिलिकॉन इथे चालत नाही. गोंद वाळायला किती तास लागतात ते ट्यूबवर लिहिलेलं असतं, तेवढा वेळ गाडी हलवू नका. पकडीला हलकं घेऊ नये याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 2020 च्या सुरुवातीला मर्सिडीजने तिथे 2001 ते 2011 या मॉडेल-वर्षांच्या सुमारे 7 लाख 44 हजार गाड्या परत बोलावल्या, कारण सनरूफची काच चौकटीपासून सुटून उडण्याचा धोका होता. कारखान्यातल्या गोंदाची ही कथा, तर घाईत केलेल्या कामाचा काय भरवसा?

छताचं कापड उतरवावं लागणार असेल, तर कडेच्या पडदा-एअरबॅगचं काम जाणणाराच कारागीर हवा.

गाडी ताब्यात घेण्याआधी

1. रूळ, पन्हळ, पडद्याची घडी, सीटखाली आणि मुलांच्या सीटमध्ये काचेचे कण राहिले का, टॉर्च लावून पाहा.
2. सनरूफ उघडून पन्हळीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत कपभर पाणी हळू ओता. ते खाली चाकाजवळ पडलं पाहिजे. मागच्या नळ्यांचीही तपासणी करून घ्या. नळी तुंबली असेल तर जोरात हवा मारू देऊ नका, आतला जोड सुटतो. मऊ नायलॉनची तार पुरते.
3. बीडिंगमध्ये कागदाची पट्टी ठेवून काच बंद करा. पट्टी ओढताना चारी बाजूंनी सारखी अडली पाहिजे.
4. काच बंद होताना मध्ये कागदाची गुंडाळी धरा. काच थांबून मागे गेली पाहिजे. हात घालून बघू नका.
5. गोंद पूर्ण वाळल्यावर छतावर दहा मिनिटं साधं पाणी सोडा आणि आतून कापड चाचपून पाहा.
6. कामाची हमी किती दिवसांची आणि गळतीला लागू आहे का, हे बिलावर लिहून घ्या.

पुन्हा फुटू नये म्हणून

दर पावसाळ्याआधी पन्हळ पुसा आणि नळ्या तपासा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. सामान काचेवर टेकेल असं बांधू नका.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. ईदच्या फिरण्यात, लग्नाच्या वरातीत मुलं सनरूफमधून उभी दिसतात आणि मोठे कौतुकाने व्हिडिओ काढतात. अचानक ब्रेक लागला तर ते मूल कडेवर आपटतं किंवा बाहेर फेकलं जातं. 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार 1000 रुपये दंड आहे. दंड भरता येईल, काचही नवी मिळेल. मुलाला मात्र बेल्ट लावूनच बसवा.