खुर्ची : हुद्द्याची आणि पाठीची

मराठीत बसण्याच्या जागेला अधिकाराचा अर्थ फार सहज चिकटतो. सातारची गादी, कोल्हापूरची गादी असे म्हणताना आपल्या मनात कापूस नसतो. 'त्यांना खुर्ची सोडवत नाही' असे म्हणताना लाकूड नसते. वस्तू मागे सरते आणि बसणाऱ्याचा हुद्दा पुढे येतो. त्याच्या पाठीचे काय, हा प्रश्न भाषेने क्वचितच विचारला आहे. कार्यालयीन आसनाचा इतिहास चाळला तर ही उपेक्षा एकट्या मराठीची नाही, असे आम्हांला दिसते.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात प्राचीन इजिप्तमधील एका लेखनिकाची मूर्ती आहे. मांडी घातलेली, ताणलेल्या वस्त्राचाच मेज झालेला. आपल्याकडचा बोरू चालवणारा कारकूनही जमिनीवरच बसे, लोड-तक्क्या धन्याचा. मात्र जमिनीवरच्या बैठकीत एक सोय होती : मांडी बदलता येई, एक गुडघा उभा करता येई. लेखनिकाच्या देहाकडे वैद्याच्या नजरेने पाहणाऱ्यांत इटलीचा बर्नार्दिनो रामाझ्झिनी अग्रणी ठरतो. व्यवसायजन्य रोगांवरील त्याचा ग्रंथ १७०० साली निघाला. १७१३ च्या पुरवणीत त्याने लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे दिली : सततचे बसणे, हाताची अखंड एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. संगणकासमोर बसणाऱ्या आजच्या कारकुनाला यांतले एकही कारण परके वाटू नये.

एकोणिसाव्या शतकात कार्यालये वाढली. अमेरिकेतील टॉमस वॉरेन याने १८४९ च्या सुमारास बैठकीखाली स्प्रिंग असलेली, फिरणारी व कलणारी खुर्ची तयार केली. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ती मांडली गेली. म्हणजे देहाबरोबर हलणारे आसन तेव्हाच शक्य झाले होते. तरी १९०६ साली बफेलो येथे पूर्ण झालेल्या लार्किन कंपनीच्या इमारतीत वास्तुकार फ्रँक लॉइड राइट याने कारकुनांच्या काही खुर्च्या थेट मेजालाच जोडल्या. खाली पाय नसल्याने जमीन झाडणे सोपे झाले. बसणाऱ्याला आसन हवे तसे सरकवण्याची मुभा उरली नाही. पुढे कारकुनाची, व्यवस्थापकाची, संचालकाची अशी खुर्च्यांची वर्णव्यवस्थाच रूढ झाली. दिवसभर बसणाऱ्याला साधी खुर्ची आणि बैठकांसाठी सतत उठणाऱ्याला उंच पाठीची, असा तिचा उफराटा न्याय.

'अर्गोनॉमिक्स' ही संज्ञा पोलंडच्या वॉयचेख यास्त्शेंबोव्स्की याने १८५७ साली, काम आणि नियम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून घडवली. ब्रिटनमध्ये १९४९ पासून ती शास्त्राचे नाव म्हणून रुळली. १९९४ साली हर्मन मिलर कंपनीने बिल स्टम्फ व डॉन चॅडविक यांनी घडवलेली 'एरॉन' खुर्ची बाजारात आणली. ती तीन मापांत होती आणि ती मापे शरीराची होती, पदाची नव्हती. कार्यालयीन आसनाच्या इतिहासातील ही छोटी क्रांतीच. पण किंमत भारी, त्यामुळे काही वर्षांतच ती नव्या श्रीमंत संगणक-कंपन्यांची मानाची गादी बनली. हुद्दा मागल्या दाराने परत आला.

म्हणून खुर्ची निवडताना कसोटी देहाचीच असावी. तळपाय जमिनीवर सपाट टेकावेत. न टेकले तर पायांखाली पाट घ्यावा. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे. कंबरेच्या बाकाला आधार मिळावा, खांदे न उचलता कोपर मेजाच्या पातळीला यावे. उंची बदलण्याची सोय नसेल तर मऊ गादी फसवी ठरते. आणि खुर्ची कितीही उत्तम असली तरी अधूनमधून उठावेच लागते. जमिनीवरच्या कारकुनाची मांडी बदलण्याची मुभा तिने परत दिली पाहिजे.

आपल्या संस्थांत मात्र फर्निचरची यादी आजही बहुधा हुद्द्यांच्या उतरत्या क्रमानेच होते. ती बसण्याच्या तासांच्या क्रमाने करून पाहावी. पहिले नाव कोणाचे येईल, हे सांगण्याची गरज नाही.