डॉक्टर व्हायला निघालेल्या रमाबाई आणि बंद झालेली दारं

मी केनवडहून बोलतोय, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम.

आपल्याकडे जून महिना म्हणजे दोन गोष्टींची वाट बघणं. एक पावसाची, दुसरी निकालाची. पेरणी उलटली किंवा नीटचे मार्क कमी पडले, की घरी येणारं जवळपास प्रत्येक जण म्हणतं, "जाऊ दे बाळा, देवाची काहीतरी योजना असेल." चर्चमध्ये तर हे हमखास ऐकायला मिळतं. वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही, पण ते फार लवकर बोललं जातं. कसं, ते बघायला आज पंडिता रमाबाईंकडे जाऊ. त्यांनाही डॉक्टर व्हायचं होतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. लोकांचा विरोध पत्करून त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाला. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत जगायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. 1874 मध्ये थोड्याच काळात आई-वडील दोघंही गेले. थोरली बहीणही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी देशभर पायी फिरले आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

आता दिवस पालटले, असं वाटतं ना? 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवरा गेला. रमाबाई तेव्हा 23 वर्षांच्या होत्या.

त्या पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. सरकारच्या हंटर आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली, की या देशाला स्त्री-शिक्षिका हव्यात, स्त्री-डॉक्टर हव्यात. मग आपणच डॉक्टर व्हायचं ठरवून 1883 मध्ये लेकीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता आपल्या मनातलं गणित काय सांगतं? देवाला जीवन दिलं, म्हणजे पुढचा रस्ता मोकळा. पण रमाबाईंना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि बहिरेपण वाढतच होतं. वैद्यकीय शिक्षण त्यांच्यासाठी बंद झालं. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला, तेच हातातून गेलं.

त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवत राहिल्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. विचार करा, आपल्याला न मिळालेली पदवी आपल्याच नात्यातल्या मुलीला मिळताना त्यांनी पाहिली. मग त्या तिथेच थांबल्या. बालवाडीची नवी पद्धत शिकल्या, पुस्तक लिहिलं, गावोगावी व्याख्यानं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

सदन पुढच्या वर्षी पुण्याला गेलं आणि 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्या ख्रिस्ती होतील, या भीतीने अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांची भीती अगदीच हवेतली नव्हती, हेही खरं. पण रमाबाईंसाठी चार वर्षांचं काम डळमळलं.

त्यानंतर त्यांनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली. हेतू साधा होता. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की आपल्या लहानपणच्या दुष्काळाच्या आठवणीनेच त्यांना तिकडे ढकललं. तेवढ्यात पुण्यात प्लेगचे नियम कडक झाले. एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. मग त्यांना घेऊन त्या केडगावला गेल्या. फळबागेसाठी घेतलेली जमीन, तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900 च्या आसपास तिथे दोन हजारांच्या घरात मुली-बायका होत्या. तो दुसरा मोठा दुष्काळ आपल्या वऱ्हाडालाही भोवला होता.

आता माझा मुद्दा. 1874 मध्ये कुणी त्या अनाथ पोरीला "देवाची योजना असेल" म्हटलं असतं, तर ते क्रूर ठरलं असतं. देवाने मुक्ती मिशनसाठी तिच्या आई-वडिलांना उपाशी मारलं, असं मी कधीच म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो, की त्याने ती भूक वाया जाऊ दिली नाही. आणि हे दिसायला 22 वर्षं लागली. उत्पत्तीमधला योसेफ आठवा. तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं केलं, हे तो भावांना कधी म्हणतो? खड्ड्यात असताना नाही. धान्य वाटून झाल्यावर, अगदी शेवटच्या अध्यायात. आणि ते त्याने स्वतःच्याच दुःखाबद्दल म्हटलं, दुसऱ्याच्या नाही.

सगळ्याच जखमांना उत्तर मिळतं असंही नाही. 1921 मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. त्याचा अर्थ काय, हे मला तरी सांगता येत नाही. रमाबाई मात्र हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत राहिल्या. ते पूर्ण करून 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

म्हणून मित्रांनो, निकाल लागलेल्या दिवशी अर्थ शोधत बसू नका. रडायचं असेल तर रडा, स्तोत्रकर्तेही रडलेत. काही दिवसांनी स्वतःला एवढंच विचारा: आता मला असं काय कळलंय, जे आधी कळत नव्हतं? आणि ते कुणाच्या उपयोगी पडेल? रमाबाईंना आपल्या भुकेचा अर्थ दुसऱ्याच्या भुकेपाशी सापडला. नापास झाल्यावरची रात्र कशी असते हे तुम्हाला माहीत असेल, तर यंदा गल्लीत कुणाचा निकाल बिघडलाय ते बघा. त्याच्याकडे जा. योजनेचं वाक्य बोलू नका, नुसते शेजारी बसा.

भेटू पुढच्या भागात. देव तुमच्यासोबत असो.