वय विचारू नका, मोजा

१९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाबद्दलचे दावे प्रयोगशाळेत तपासायला घेतले. आधी मोजा, मग बोला, ही ती दृष्टी. तिच्याच दोन वर्षं आधी, जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं होतं.

पुढे गोळ्या आल्या आणि एक समज रुजला: इन्सुलिन मुलांना, गोळ्या मोठ्यांना. म्हणजे निदान वयावरून! खरं तर हिम्सवर्थनं १९३६ मध्येच दाखवलं होतं, की इन्सुलिनला सगळे मधुमेही सारखा प्रतिसाद देत नाहीत. १९७४ मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात सापडली. पुढे ती गोळ्यांवर असलेल्या काही प्रौढांतही दिसली. १९९३ मध्ये या प्रकाराला ‘लाडा’ हे नाव मिळालं.

आता समजा, मावळातला चाळिशीचा सडपातळ शेतकरी. गोळ्या वाढवूनही साखर उतरत नाही, वजन मात्र घटतंय. घरचे म्हणतात, ‘पथ्य मोडलंस.’ अहो, त्याचीच प्रतिकारशक्ती त्याच्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारतेय, त्यात त्याचा काय दोष? जीएडी प्रतिपिंडं आणि सी-पेप्टाइड तपासले की उलगडा होतो. सी-पेप्टाइड फार खाली गेलं असेल तर इन्सुलिन लांबवणं जिवावर बेतू शकतं.

आसनं जरूर करा. पण ती इन्सुलिनची जागा घेत नाहीत. आणि इन्सुलिन ही शिक्षा नव्हे, शरीरात उणं पडलेलं बाहेरून भरणं आहे, एवढंच.