मोटारीचे हॅलोजन दिवे : शुभ्र प्रकाशासाठी केला जाणारा बदल

मोटारीच्या पुढील दिव्यांत कारखान्यातून बसून आलेला, किंचित पिवळसर प्रकाश देणारा हॅलोजन बल्ब काढून त्याच्या जागी अधिक पांढरा प्रकाश देणारा बल्ब बसविण्याची जी रीत खाजगी मोटारमालकांत रूढ झाली आहे, तिचा विचार या नोंदीत केला आहे. भारतातील असंख्य लहान मोटारींत अप्पर आणि डिप्पर ही दोन्ही कामे ‘एच-४’ या जातीचा एकच बल्ब करीत असल्यामुळे विवेचनासाठी तोच प्रमाण मानला आहे.

साध्या विजेच्या बल्बातील टंगस्टनची तार तापली म्हणजे तिचे सूक्ष्म कण उडून काचेवर काळसर थर धरतात आणि बल्ब दिवसेंदिवस मंदावतो. या दोषावर आयोडीन किंवा ब्रोमीन यांसारख्या हॅलोजन वायूचा उपाय अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीतील एल्मर फ्रिड्रिख आणि एमेट वायली यांनी शोधला व त्याचे एकस्व १९५९ मध्ये मंजूर झाले. उडालेले टंगस्टन काचेवर बसण्यापूर्वीच हॅलोजनशी संयोग पावते आणि तप्त तारेजवळ येताच पुन्हा सुटे होऊन तेथेच जमा होते. मात्र हे चक्र चालू राहण्यासाठी काच सुमारे २५०° सेल्सिअसच्या वर तापलेली असावी लागते, म्हणून ती लहान व क्वार्ट्झसारख्या कणखर द्रव्याची करतात. युरोपात १९६२ मध्ये एका तारेचा ‘एच-१’ आणि १९७१ मध्ये दोन तारांचा ‘एच-४’ मोटारींसाठी प्रचारात आला.

‘एच-४’ हातात घेऊन पाहिला, तर पाठीमागे तीन चपट्या पात्यांचे टोक, मध्ये तीन कानांची धातूची चकती आणि काचेच्या नळीत एकापुढे एक अशा दोन तारा दिसतात. पुढच्या तारेखाली पन्हळीच्या आकाराची एक इवलीशी धातूची वाटी असते. डिप्परच्या तारेचा खाली जाणारा प्रकाश ही वाटी अडविते, त्यामुळे परावर्तकाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडून तो रस्त्याच्या दिशेने खाली वळतो, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचे रक्षण होते. तारेची जागा एखाद्या मिलिमीटरने चुकली तरी ही सारी व्यवस्था बिघडते.

आता प्रकाशाच्या रंगाचा प्रश्न. तापलेली वस्तू जितकी उष्ण, तितका तिचा प्रकाश पांढरा, आणि ही शुभ्रता केल्विन या एककात मोजतात. नेहमीच्या हॅलोजन बल्बाचा प्रकाश ३२०० केल्विनच्या आसपास असतो. टंगस्टन सुमारे ३७०० केल्विनला वितळते. तेव्हा बाजारातील खोक्यांवर ४५०० किंवा ५००० केल्विन असे जे आकडे छापलेले असतात, ते तार अधिक तापवून गाठणे निसर्गतःच अशक्य आहे. ते गाठले जातात काचेवर दिलेल्या निळ्या लेपाने, आणि हा लेप प्रकाशात काहीही भर घालीत नाही; पिवळा व तांबडा भाग शोषून घेऊन उरलेला निळसर भाग तेवढा बाहेर सोडतो. रस्त्यावर पडणारा एकूण प्रकाश त्यामुळे घटतो. ती तूट भरून काढण्यासाठी काही उत्पादक तार मुळातच अधिक तापती ठेवतात, आणि त्याची किंमत बल्बाच्या आयुष्यातून वसूल होते. शुभ्र दिसणारा झोत चालकाच्या मनाला अधिक प्रखर भासतो, हे खरे. परंतु त्याच निळसर भागाने समोरच्याचे डोळे अधिक दिपतात, हेही तितकेच खरे. वरंधा किंवा आंबेनळी घाटातील आषाढातल्या धुक्यात लेप दिलेल्या बल्बाचा काडीचाही लाभ होत नाही, कारण धुक्याचे थेंब सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरतात. पिवळ्या रंगाविषयीचा उलट आग्रहही याच कारणाने तपासून घ्यावा लागतो. फ्रान्सने कित्येक दशके पिवळे दिवे सक्तीचे ठेवून १९९३ पासून ती सक्ती उठविली.

प्रकाश खरोखर वाढवावयाचा असेल, तर प्रथम विजेच्या दाबाकडे पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १३.२ व्होल्ट दाबाला ‘एच-४’ बल्ब अप्परवर सुमारे १६५० आणि डिप्परवर सुमारे १००० ल्यूमेन प्रकाश देतो. दाब घसरला की प्रकाश त्याच्या तिप्पट-साडेतिप्पट वेगाने घसरतो. अनेक जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या खटक्यातून आणि बारीक तारांतून फिरून येतो, त्यामुळे बल्बापाशी जेमतेम १२ व्होल्टच पोहोचले तर चौथा हिस्सा प्रकाश वाटेतच गडप झालेला असतो. इंजिन चालू व दिवे लावलेले असताना बल्बाच्या पात्यांवर मीटर धरला की ही गळती तत्काळ कळते. बॅटरीपासून जाड तार ओढून, मध्ये फ्यूज व रिले घालून केलेली वायरिंग त्याच मंजूर बल्बातून पांढरा आणि भरपूर प्रकाश काढते. अर्थात दाब वाजवीपेक्षा पाच टक्क्यांनी वाढला तर बल्बाचे आयुष्य निम्म्यावर येते, हेही ध्यानात ठेवावे.

इलेक्ट्रिशियन मंडळी ज्याला ‘शंभर-नव्वद’ म्हणतात, तो १००/९० वॅटचा बल्ब मूळ ६०/५५ वॅटच्या जागी बसविला की दोन दिव्यांचा प्रवाह अप्परवर १० अँपिअरवरून १६ अँपिअरच्या पुढे जातो. मूळ वायरिंगवर हा भार टाकल्यास होल्डर तपकिरी पडून ठिसूळ होतो, परावर्तकाची चकाकी जाते, आणि रस्त्यासाठी हा बल्ब मंजूरही नसतो. हॅलोजनच्या घरात बसविलेल्या एलईडीची अडचण वेगळी आहे : तिचा प्रकाश तारेच्या नेमक्या जागेतून निघत नसेल, तर डिप्परची कडा विस्कटून उजेड भलतीकडे उधळतो.

पिवळट पडलेली प्लास्टिकची दर्शनी काच पॉलिश करून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय, आणि त्याच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. नवा बल्ब घेताना त्याच्या चकतीवर वर्तुळातील ‘ई’ आणि देशाचा अंक ही मंजुरीची खूण पाहावी. बसविताना काचेला बोट लावू नये, लागल्यास स्पिरिटने पुसावे, कारण त्वचेचे तेल तप्त क्वार्ट्झवर डाग धरून काच फोडते. भारतात वाहनांच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या चाचण्या करणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यात आहे. वाहनाच्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने प्रतिबंध केला आहे.

बल्ब कोणताही असो, तो बदलल्यावर फोकस लावून घेण्यात कसूर करू नये. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिप्पर लावावा. प्रकाशाची वरची कडा दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, आणि डाव्या अंगाला ती किंचित चढती असावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ प्रमाणे दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला तो प्रकाश दिपविता कामा नये.